निओबीचं तोंड

आमच्या पिर्गोस गावात गाढवाच्या गोठ्यालासुद्धा संगमरवरी चौकट असते. अशा गावातल्या सगळ्यात नावाजलेल्या मिस्त्रीच्या एकुलत्या एक मुलाच्या थडग्यावर तीन वर्षं लाकडी क्रूस होता. लोक म्हणायचे, दुःखाने लाम्ब्रोस मिस्त्रीचे हात गळाले. लोकांचं काय, बोलायला पैसे पडत नाहीत. खरं म्हणजे त्याच्या बायकोने, माझ्या थोरल्या बहिणीने कल्लिरोईने, त्याला दगड लावायची बंदी घातली होती. मी त्यांच्याच घरात राहते, चूल मी सांभाळते, म्हणून मला ठाऊक.

आमच्याकडे तान्ह्या बाळाचं कौतुक केलं की लगेच तीनदा थू थू करतात. नुसता तोंडाने आवाज, दृष्ट लागू नये म्हणून. त्यांच्या मुलाच्या, स्त्रातिसच्या, बाप्तिस्म्याच्या दिवशी ताई बाळावर वाकली, तेवढ्यात लाम्ब्रोसने तिला मागे ओढलं.

"माझ्या पोरावर कुणी थुंकायचं नाही. कोणाच्या नजरेत एवढी ताकद आहे?"

पाद्री हसले, पाहुणे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. ताई तेवढी हसली नाही.

पोरगा निघालाही दृष्ट लागावी असाच. अठराव्या वर्षी तो दगडातून कबुतर काढायचा, तर त्याच्या पायाची नखंसुद्धा मोजून घ्यावीत. बापाला दुसरा विषयच उरला नाही.

खाणवाल्या पानागोसला सात मुलगे. डोंगरावरचा धोंडा लाकडी घसरगाडीवर ठेवून उतारावरून खाली आणायचा, तर सातही भाऊ सात दोर धरून मागे ताणून राहायचे. एका संध्याकाळी कॉफीच्या दुकानात पानागोस आपल्या मुलांचं कौतुक सांगत होता. लाम्ब्रोसचा राकीचा तिसरा ग्लास चालू होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तुझे सात एकीकडे आणि माझा एक एकीकडे," तो म्हणाला. "तुझ्यांना सात दोर लागतात. माझा एकटा, एका दोरावर धोंडा खाली आणेल."

"बोलायला काय जातं, मिस्त्री?"

"उद्या सकाळी ये बघायला."

सकाळी स्त्रातिस स्वयंपाकघरात आला तेव्हा मी त्याला झापलं. "डोकं फिरलंय का तुझं? तू दगड कोरणारा. ओढण्याशी तुझा संबंध काय?"

"मावशी, बाबा चारचौघांत बोलून बसलेत. मी त्यांना खोटं पाडू?"

त्याने दोन सुकी अंजिरं तोंडात टाकली आणि तो गेला. बावीस वर्षांचा होता. अर्ध्या उतारावर धोंडा सुटला.

लाम्ब्रोस म्हणाला, दोर कुजका होता. दफनाच्या वेळी म्हणाला, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला म्हणाला, वर्षाने पुन्हा म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो दोर मी या डोळ्यांनी पाहिला होता. नवाकोरा होता, आणि तुटलेला नव्हताच. एकट्या माणसाच्या हातून निसटला होता, एवढंच.

ताई रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त सांगून टाकलं, "ज्या दिवशी खरं बोलशील त्या दिवशी दगड लाव. तोवर माझ्या लेकराला हात लावायचा नाही." त्यानंतर तिच्याकडून त्याला जेवण मिळायचं, धुतलेला सदरा मिळायचा, शब्द मिळायचा नाही. मला त्या घरात श्वास घ्यायची चोरी झाली होती.

तिसऱ्या वर्षी सिरोस बेटावरून एका जहाजमालकाची विधवा आली. तिची दोन्ही मुलं एकाच तापात गेली होती. त्यांच्या थडग्यावर तिला निओबीचा पुतळा हवा होता.

निओबी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सात मुलगे आणि सात मुली असलेली राणी. लेतो देवीला चारचौघांत म्हणाली, तुला मेलीला दोनच! लेतोच्या त्या दोन पोरांनी बाण मारून हिची चौदाही पोरं आडवी केली. गर्वाचं घर खाली. ही रडून रडून दगड झाली, आणि त्या दगडातून म्हणे अजून पाणी झिरपतं. लाम्ब्रोसच्या कारखान्यात भिंतीवर अशा सगळ्यांचे प्लास्टरचे जुने नमुने टांगलेले असत. देवाशी बासरीची पैज लावून कातडी सोलून घेतलेला एक, देवीपेक्षा सुरेख विणते म्हणून जाळं विणणारा कोळी झालेली एक, मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेला पोरगा. देवाची बरोबरी करायला गेलेले जगात कुणी जगले नाहीत, पण त्यांच्यावर कारागिरांची पोटं मात्र हजारो वर्षं भरली. धूळ मीच झटकायची त्यांच्यावरची. त्या पंखवाल्या पोरापाशी माझा हात थांबायचा. त्याचाही बाप कारागीरच होता.

दीड महिन्यात पुतळ्याचं अंग तयार झालं. मांडीशी बिलगलेलं शेवटचं लेकरू, त्याच्यावर ओढलेला पदर. चेहऱ्याच्या जागी नुसता धोंडा. एका रात्री हरभऱ्याची उसळ खाता खाता लाम्ब्रोस म्हणाला, "कल्लिरोई, चार दिवस समोर बसशील? लेकरू गेलेल्या आईचा चेहरा हवाय. दुसरीकडे कुठे शोधू?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तीन वर्षांत ताई पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली.

"लेकरू गेलेली आई मी आहे. निओबी मी नाही. मी कधी कुणाच्या पोरांना हिणवलं? फुशारकी मारणारं तोंड हवंय ना तुला? फडताळात आरसा आहे माझा. घेऊन जा."

त्याने पाव खाली ठेवला. सकाळी फडताळ उघडलं, तर आरसा नव्हता.

त्यानंतर दोन आठवडे कारखान्याचं दार बंद. मी जेवण उंबऱ्यावर ठेवायचे आणि बरेचदा तसंच परत न्यायचे.

पुतळा बंदरावर न्यायचा त्या दिवशी पानागोस सातही मुलांना आणि घसरगाडीला घेऊन आला. त्यांना पाणी द्यायला मी आणि ताई गेलो होतो. लाम्ब्रोसने पुतळ्यावरचं पोतं ओढून काढलं.

पदर निओबीचा होता, लेकरू निओबीचं होतं. पण नाक लाम्ब्रोसचंच, मोडकं, आणि भुवईवर छिन्नीची त्याचीच खूण. तोंड अर्धवट उघडं, हनुवटी वर, जणू आता काहीतरी ऐकवणार आहे.

"मिस्त्री, हिला मिशा लावायच्या राहिल्या!" पानागोसचा धाकटा हसला. बापाने त्याला कोपर मारलं.

"सगळ्यांनी हिचे रडणारे डोळे कोरले," लाम्ब्रोस म्हणाला. "मीही आयुष्यभर तेच शिकवलं. पण डोळ्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी?" मग तो पानागोसकडे वळला. "दोर चांगला होता. पोराला मी पाठवलं. एकट्याचं काम नाही ते, मला माहीत होतं. तुझ्या सातांना खाली पाहायला लावायचं होतं मला. तो डोंगर चढत होता तेव्हा मी घरी कॉफी पीत होतो."

पानागोसने टोपी काढली. "मीही 'राहू दे' म्हणालो नाही, मिस्त्री. मलाही बघायचंच होतं."

"सिरोसच्या बाईंना मी दुसरी करून देईन, आईच्या चेहऱ्याची. ही बंदरावर नेऊ नका."

कुठे न्यायची ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने फक्त ताईकडे पाहिलं. ताईने हातातला पेला माझ्याकडे दिला.

"वर न्या," ती म्हणाली.

सात भावांनी सात दोर खांद्यावर घेतले, आठवा लाम्ब्रोसने. चढावर तो दोनदा पडला, पण दोर सोडला नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालत होते आणि रडत होते.

दफनभूमीत भावांनी लाकडी क्रूस उपटला, दगड उभा केला आणि ते बाजूला झाले. ताई खाली बसली. बाळाच्या कपाळावरून फिरवावा तसा तिने मातीवरून हात फिरवला आणि वाकली.

"थू, थू, थू. नजर न लागो माझ्या राजाला."

पंचवीस वर्षं उशीर झाला होता. मग ती थोडी सरकली आणि तिने शेजारी जागा केली. लाम्ब्रोस गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलले, पण तोंडाला इतकी कोरड पडली होती की आवाजच निघेना. ताईने माझ्या हातून तांब्या घेतला आणि त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला, वाकला, एकदा थू म्हणाला आणि हुंदक्याने अडला.

ताई उठली नाही. त्याचं तिसऱ्यांदा होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.