सात नंबरचा पाय

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांचे पाय धरले, पण ऐकलं मात्र कुणाचं नाही. माझं तर नाहीच.

हे बुटांच्या दुकानात विक्रेते आहेत. दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मालकसुद्धा. गिऱ्हाईक आत आलं की ते आधी पाय बघतात, तोंड नंतर. बुटक्या स्टुलावर बसायचं, मापाची लोखंडी पट्टी पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "उभे राहा. माप बसून घ्यायचं नसतं. वजन पडलं की पाऊल पसरतं. वय झालं की आणखी पसरतं." मग बूट चढवायचा, टोकावर आपल्या हाताच्या अंगठ्याने दाबायचं आणि विचारायचं, "दुखतंय?" समोरचा नाही म्हणाला की, "मग बसला." संपलं. एवढ्या भांडवलावर ह्यांची नोकरी आणि सगळा रुबाब चालतो.

मला हे पाठ आहे, कारण आमची ओळख तिथलीच. मी साधे काळे बूट घ्यायला गेले होते. पहिलाच जोड अगदी बरोबर बसला होता. पण त्या स्टुलावरचा मुलगा इतका मन लावून पायाकडे बघत होता, की मी "दुखतंय" म्हणून टाकलं. दुसऱ्या जोडालाही दुखतंय आणि तिसऱ्यालाही. शेवटी पहिलाच जोड घेतला. लग्नानंतर कळलं, की मी खोटं बोलतेय हे त्यांना पहिल्या जोडालाच समजलं होतं. तरी बाकीचे दोन जोड त्यांनी माळ्यावरून काढले होते, म्हणून मी लग्नाला हो म्हटलं.

तर अशा माणसाचा स्वतःचा नंबर सात. लग्नात सात होता, आजही सातच. पोट सुटलं, केस गेले, चष्मा आला, पण पाय सातच्या पुढे गेला नाही याचा ह्यांना भारी अभिमान. "पाऊल सांभाळावं लागतं," असं म्हणायचे, जसं काही ते रोज पावलाला व्यायाम देतात.

एका सुट्टीच्या सकाळी ह्यांचा उजवा अंगठा कपाटाच्या पायाला आपटला. नख उचकटलं. मी हळद लावते म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. "काही नाही गं, नख आहे, परत येईल." दुसऱ्या दिवशी तोच अंगठा त्याच सात नंबरच्या बुटात कोंबून स्वारी कामावर.

मग आमच्या घरात एक चमत्कार झाला. हे स्वतःचे मोजे स्वतः धुवायला लागले.

मी लाँड्रीच्या काउंटरवर काम करते. गावभरचे कपडे माझ्या हाताखालून जातात, आणि ह्या माणसाने आजवर स्वतःचा रुमालही पाण्यात बुडवलेला नाही. मी ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तिला प्रत्येक गोष्टीत वाईट तेवढं आधी दिसतं. ती म्हणाली, "पुरुष या वयात मोजे धुतो म्हणजे भानगड आहे. नीट लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं. भानगड होतीच, फक्त ती पायात होती. दोरीवरच्या मोज्याच्या टोकाला पिवळा डाग होता. डाग ओळखणं हा माझा धंदा आहे. चहाचा नव्हता, पॉलिशचा नव्हता.

"पाय दाखवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"अहो, दाखवा म्हणते ना!"

ताकाला जाऊन भांडं लपवायची ह्यांची जुनी सवय. आधी डावा पुढे केला. मग उजवा दाखवला आणि मला तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते कळलं, पाय त्यांचा असूनसुद्धा. नख काळं, भोवतालचं मांस जांभळं, आणि एक वास, जो मला आता आठवायचासुद्धा नाही. पलंगाखाली बूट होता, त्यात बूट ताणायचा, दुकानातला लाकडी फर्मा. म्हणजे इतके दिवस उपचार चालले होते ते पायावर नव्हे, बुटावर. पुढून बूट थोडा सैल केला होता, आत कापूस भरला होता आणि वरून पॉलिश.

"अगं, आता बराच आहे," हे म्हणाले. "आधी फार दुखायचा. आता अजिबात दुखत नाही."

"अजिबात?"

त्यांनी स्वतःच दाबून दाखवला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. "बघ. बसला."

माणूस कधी कधी स्वतःच्याच हुशारीने मरतो, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

डॉक्टरीणबाईंकडे जायला हे तरीही तयार नव्हते. कारण काय, तर बाईंनी मागे ह्यांच्याकडूनच सँडल घेतल्या होत्या आणि त्यांना स्वतःचा नंबर माहीत नव्हता. "स्वतःचा नंबर ठाऊक नसलेल्या बाईच्या हाती मी पाय देऊ?" मी म्हटलं, "नाही दिलात तर त्या पायावर मीच कुऱ्हाड घेऊन बसेन." मग आले.

आणि गंमत बघा. इतके दिवस ज्या माणसाला अंगठ्याची पर्वा नव्हती, तो दवाखान्याच्या बाकावर टेकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आधी अंगठा जाईल का, असं विचारलं. मग पाऊल जाईल का. मग एकदम गुडघ्यावर पोचले. "शोकेसमध्ये एकेकच बूट ठेवतो आम्ही," हळूच म्हणाले. "डाव्या पायाचा. मालकांना सांगून ते मला घेता येतील." मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

समोरच्या बाकावर कुबड्या घेतलेले एक गृहस्थ होते. एकाच पायात बूट. ह्यांचा जन्म बुटांत गेलेला, राहवलं नाही. विचारलं, "दुसऱ्या बुटाचं काय करता?"

"घरी आहे," ते गृहस्थ म्हणाले. "बायको टाकू देत नाही. पुसूनसुद्धा ठेवते."

तेवढ्यात आतून ह्यांचं नाव पुकारलं.

बाईंनी ह्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एका बारीक काडीने बोटांना स्पर्श करत विचारत गेल्या, "इथे कळतंय?"

"हो."

"इथे?"

"हो हो."

"आणि इथे?"

"हो, व्यवस्थित."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. शेवटच्या दोन वेळा त्यांनी काडी लावलीच नव्हती. समोरच्याला खूश ठेवायची सवय हाडात मुरलेली. अंगठा जाईल या भीतीनेसुद्धा ती सुटत नव्हती.

रक्त तपासलं तर साखर चांगलीच वाढलेली. बाईंनी जखम साफ केली, नख काढलं, पट्टी बांधली. हे कण्हले नाहीत की पाय मागे घेतला नाही. एरवी मला अशा नवऱ्याचं कौतुक वाटलं असतं. तेव्हा मात्र मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरडा.

"हे न दुखणंच वाईट आहे," बाई म्हणाल्या. "घट्ट बुटाने नस दबली असेल तर जाणीव परत येईल. साखरेने केलं असेल तर कठीण. काळेपणा वर सरकला, तर अंगठा काढावा लागेल. दुखायला लागलं की मला कळवा."

"दुखायला लागलं की?" ह्यांनी विचारलं.

"हो. दुखायला हवं."

ह्यांच्या धंद्यात असं वाक्य कुणी ऐकलेलं नाही.

"आणि बूट कुठल्या नंबरचा घालता?"

"सात."

बाईंनी पावलाकडे बघितलं. "हा सात आहे?"

"मी स्वतः मोजतो," हे जरा ताठ्याने म्हणाले. "दर वर्षी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कसा मोजता हो?"

"कसा म्हणजे? पट्टीवर."

"उभं राहून?"

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. उभं राहून खाली वाकून स्वतःचं माप वाचता येत नाही. वाकलं की तोल जातो, टाच उचलते. म्हणून हे आजवर स्टुलावर बसूनच स्वतःचा पाय मोजत आले होते. सगळ्या गावाला उभं केलं आणि स्वतः बसून राहिले. दुकानात ह्यांचा पाय धरणारं कुणी नव्हतं, आणि मला घरी ते कधी सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी येताना मी दुकानात थांबले आणि मालकांकडे मापाची पट्टी मागितली. मालक म्हणाले, "कशाला वहिनी? मास्तरांचा सात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे." मी म्हटलं, "द्या तुम्ही."

घरी हे दाराची चौकट धरून उभे राहिले. मी खाली बसले आणि आधी डावा, धडधाकट पाय मोजला.

"टाच मागे टेकलीय का बघ," वरून सूचना.

"टेकलीय."

"पट्टीवरचा सरकता खटका बोटाला टेकेपर्यंत ने. दाबू नकोस."

"नेला."

"किती?"

"नऊ."

"परत बघ."

मी परत बघितलं. पट्टीला काही मास्तर माहीत नव्हते. नऊच होता. हे हळूच खाली बसले आणि पट्टी हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ह्यांचे पाय पसरले, अंथरूण मात्र लग्नातलंच राहिलं. हे मी बोलून दाखवणार होते, पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. जखमेची पट्टी बदलायची, गोळ्या द्यायच्या, चहातली साखर बंद, आणि रोज सकाळी दोघांनी त्या अंगठ्याकडे बघायचं. काळेपणा वर सरकला नाही, पण उतरलाही नाही. जखम वाळत आली, तरी बोट मुकंच. मी विचारायचे, "दुखतंय?" आणि हे मान हलवायचे. नाही. आता खोटं 'हो' म्हणायचं सोडलं होतं, हेच मला जास्त लागायचं. ताई येऊन सांगून गेली, की तिच्या ओळखीतल्या एकाचा अंगठा असाच गेला आणि तो बिचारा छान चालतो. धीर द्यायची तिची रीत ती तशीच. बाईंनी पुढच्या तपासणीला ठरवू म्हटलं होतं. काय ठरवायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या तपासणीच्या सकाळी मालकांनी एक जोड पाठवला. रुंद, मऊ, नंबर नऊ. पेटीवर मालकांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मास्तर, सात संपले आहेत.'

हे खुर्चीत बसले. मी म्हटलं, "उभे राहा." दाराची चौकट धरून उभे राहिले. मी मोजा नीट सरळ केला, डावा चढवला, मग सांभाळून उजवा. आत भरपूर जागा होती. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांच्यासारखंच मी बुटाच्या टोकावर अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतंय?"

मी वर बघितलं. चौकट धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"दुखतंय," हे म्हणाले.

"खोटं बोलू नका," मी म्हटलं. "माझी शपथ आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"अगं दुखतंय! काढ तो हात!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "अगंबाई, किती दाबतेस!"

एवढा ताठ माणूस पहिल्यांदाच बायकांसारखा 'अगंबाई' म्हणाला. मी खाली बसल्या बसल्या रडायला लागले आणि बूट काही सोडला नाही.

"काढ आता," हे म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एकदा."