हाताशी असाव्यात म्हणून

माझ्या मामाला चोर ठरवायला आमच्या कारखान्याला तीन दिवस पुरले. एकोणतीस वर्षं त्याने स्टोअर सांभाळलं, कुठला स्क्रू कुठल्या फळीवर आहे ते तो डोळे मिटून सांगतो. आणि सोमवारी मोजणी झाली तर कॉम्प्युटरवर दोनशे अकरा मोटरी, फळीवर एकशे पंचाहत्तर. छत्तीस गायब. झालं! लगेच कुजबुज सुरू. गुरुवारी सकाळी धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आज चार वाजेपर्यंत मोटरी आल्या तर ठीक, नाहीतर पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. तुमचे सख्खे मामा आहेत म्हणून आधी कानावर घालतोय." केवढे उपकार!

आम्ही दवाखान्यांसाठी खाटा बनवतो. बटण दाबलं की पेशंटची पाठ हळूहळू वर उचलली जाते, त्या. उचलायचं काम करते ती मोटर. हातभर लांब, एका खाटेला एक. ती लांबून जहाजाने येते आणि जहाज आमच्या वेळापत्रकाला काडीची किंमत देत नाही. मागच्या वर्षी दोन खेपा उशिरा आल्या, नऊ दिवस असेंब्ली बंद पडली आणि मालकांनी एकेकाला बोलावून झापलं. तेव्हापासून कारखान्यातला प्रत्येक माणूस एकच धडा शिकला, की थोड्या मोटरी आपल्या हाताशी असाव्यात.

मी प्लॅनिंगला आहे. किती मागवायचं ते मी ठरवते, असं माझ्या टेबलावरची पाटी म्हणते. प्रत्यक्षात असेंब्लीला दहा लागल्या की ते बारा सांगतात, कारण मी दोन कापणार हे त्यांना माहीत असतं. मी दोन कापते, कारण ते दोन चढवणार हे मला माहीत असतं. खरेदीवाले वर आपल्या मनाने पाच टाकतात. पुरवठादाराला वाटतं यांचा धंदा काय जोरात चाललाय! पुढच्या महिन्यात आम्ही काहीच मागवत नाही, तेव्हा तो बिचारा फोन करून विचारतो, सगळं बरं आहे ना? डोक्याला नुसता ताप.

त्यात धाकट्या मालकांनी कॉम्प्युटर आणला. आता स्टोअरमधून एक वॉशर काढायचा तरी चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर तीन सह्या हव्यात, आणि त्या तिघांतला एक जण कायम मीटिंगमध्ये. लाइन थांबलेली, वीस माणसं नुसती उभी, मग कोणीतरी धावत स्टोअरमध्ये जाणार. "मामा, दोन मोटरी द्या हो, चिठ्ठी संध्याकाळी आणून देते." सगळा कारखाना त्याला मामाच म्हणतो. आणि तो देणार. "आण हं नक्की," एवढंच म्हणणार. चिठ्ठी काही येत नाही. मी शंभरदा सांगितलं, मामा, देत जाऊ नकोस. त्याचं उत्तर ठरलेलं. "अगं, तिकडे कुणीतरी त्या खाटेची वाट बघत असतं." माणसाने इतकं भलं असू नये, खरंच सांगते.

शेवटी दीड महिन्यापूर्वी मालकांच्या सांगण्यावरून मी सर्क्युलर काढलं. मीच लिहिलं, चांगलं ठसक्यात. ज्याच्याकडे चिठ्ठीशिवाय माल सापडेल, त्याला त्याच दिवशी कामावरून कमी करण्यात येईल. परिणाम काय झाला? ज्यांनी मोटरी लपवल्या होत्या, त्यांनी त्या आणखी खोल लपवल्या.

केबिनमधून मी तडक स्टोअरमध्ये गेले. मामा शिडीवर चढून खोक्यांवरची धूळ पुसत होता.

"मामा, मोटरी कुठे आहेत?"

"कारखान्यातच आहेत."

सोमवारपासून मालकांनाही त्याने हेच ऐकवलं होतं. म्हणून तर त्यांचा संशय पक्का झाला.

"कुणाकडे आहेत ते तुला माहितीये. नावं सांग आणि मोकळा हो."

"नावं सांगितली की तुझ्या त्या कागदाप्रमाणे माणसं घरी बसतील."

"मग तू जा तुरुंगात!"

"हळू बोल, बाहेर ऐकू जातंय," तो म्हणाला आणि फडकं झटकलं.

असा माणूस! सकाळी निघताना आईने मला दारात अडवून सांगितलं होतं, माझ्या भावाच्या नावाला बट्टा लागला तर मला तोंड दाखवू नकोस. आणि तिचा भाऊ इथे धूळ पुसतोय. म्हटलं, ठीक आहे, तू बसलास गप्प, तर मीच शोधते. एक ट्रॉली ओढली आणि निघाले.

पहिली असेंब्ली. तिथे मावशींचं राज्य. बावीस बायका-माणसं त्यांच्या हाताखाली, आणि आवाज असा की पार फाटकापर्यंत ऐकू यावा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कानांवर हात ठेवले. "माझ्याकडे एक नाही. मुलांची शपथ." मी सरळ कोपऱ्यातल्या गाद्यांच्या खोळींचा ढीग उचलायला गेले. उचलेना.

"मावशी, या खोळी एवढ्या जड कधीपासून झाल्या?"

"अगं त्या होय… त्या आपल्या हाताशी असाव्यात म्हणून." मग आवाज एकदम खाली. "माझं नाव नको घेऊस गं. या वयात मला कोण ठेवून घेणार?"

तेरा निघाल्या. नाव घेणार नाही असं वचन दिलं आणि पुढे सरकले.

रिपेअरच्या टेबलावर ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात तो बसतो. परत आलेल्या खाटा दुरुस्त करतो आणि प्रत्येक खाटेची तब्येत विचारावी तसा तिच्याशी बोलतो. त्याच्या भंगाराच्या पेटीत, तेलकट चिंध्यांखाली आठ मोटरी होत्या. "जुन्या आहेत मॅडम, कामातून गेलेल्या," म्हणाला. वरचं सील फोडलेलंसुद्धा नव्हतं. मी नुसती बघत राहिले, तेव्हा त्याने स्वतःच उचलून ट्रॉलीत ठेवायला सुरुवात केली.

सगळ्यात हुशार निघाला तो इन्स्पेक्शनचा भिंग. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वेल्डिंग तपासतो म्हणून हे नाव. त्याने अकरा चांगल्या मोटरींना लाल कागद चिकटवून रिजेक्ट मालाच्या पिंजऱ्यात कुलूपबंद ठेवल्या होत्या. नापास माल कोण मागायला येतंय? आणि मोजणीतही तो धरत नाहीत.

"काय बिघाड आहे यांच्यात?"

"तपासणी चालू आहे."

"किती महिने?"

तो भिंग पुसायला लागला. माझा तोल गेला. मावशींपाशी आणि डॉक्टरपाशी गिळलेलं सगळं त्याच्यावर निघालं. "तीन दिवस तो माणूस मान खाली घालून येतोय-जातोय. जेवायला त्याच्या टेबलावर कोणी बसत नाही. तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही तोंडातून अक्षर काढलं नाहीत! लाज नाही वाटत?"

"वाटते," भिंग म्हणाला. "पण दोन मुली शिकतायत, मॅडम."

"सगळ्यांचंच काही ना काही चालू असतं," मी म्हटलं आणि ट्रॉली ओढत बाहेर पडले.

बत्तीस. तीन वाजून दहा मिनिटं. राहिल्या चार.

आता सांगायलाच हवं. त्या चार माझ्याकडे होत्या. प्लॅनिंगच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या फायलींच्या मागे. मी लपवल्या नव्हत्या हो! राखून ठेवल्या होत्या. उद्या खरंच नड आली तर कुणीतरी विचार करून ठेवलेला असावा, तो मी केला होता. चिठ्ठी द्यायची राहून गेली. सर्क्युलर काढलं तेव्हा परत करणार होते, पण ज्याने नियम लिहिला त्यानेच चार मोटरी काखेत मारून स्टोअरची वाट धरायची, कसं दिसलं असतं ते? आणि खरं सांगू? सकाळपासून मनात एकच होतं, की बाकीच्यांकडेच छत्तीस निघाव्यात. एवढे लपवणारे लोक, आणखी चार लपवायला यांना काय झालं होतं! स्वतःचा राग यायच्या जागी त्यांचाच येत होता.

कपाट उघडलं. चारही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. कागद काढून कचऱ्यात टाकला, त्यांना ट्रॉलीत बाकीच्यांखाली सरकवलं, आणि पावणेचारला मामाला घेऊन केबिनमध्ये गेले.

मालकांनी स्वतः मोजल्या. "छत्तीस. सापडल्या कुठे?"

उत्तर मी वाटेतच तयार केलं होतं. "स्टोअरमध्येच, साहेब. मागच्या फळीवर, जुन्या खोक्यांच्या पाठीमागे." चोरीचा आळ गेला, नावं वाचली, कुणाची नोकरी गेली नाही. स्वतःवरच खूश झाले मी, अगदी दोन मिनिटं.

मालक खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे चोरी नाही, गलथानपणा. वय झालं मामा तुमचं. स्वतःच्या फळीवर काय आहे ते दिसेना. असो, पोलिसांचं राहू द्या. नजरचुकीने राहिल्या असं लिहून द्या आणि पुढच्या महिन्यापासून घरी आराम करा." त्यांनी कोरा कागद पुढे सारला, वर पेन ठेवलं.

मामाने पेनाला हात लावला नाही. "हे मी लिहून देणार नाही."

"अहो, वाचवतोय तुम्हाला."

"माझ्या फळीवर काही हरवत नाही, साहेब. तुम्ही चोर लिहा, मी सही करतो."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, यांना समजवा अशा नजरेने. मला तर त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. सगळं जुळवून आणलं होतं, एक सही राहिली होती! तेवढ्यात तो ट्रॉलीपाशी वाकला आणि मोटरी वेगळ्या करायला लागला. गादीचे धागे चिकटलेल्या एका बाजूला. तेलाचे डाग पडलेल्या दुसऱ्या. लाल कागदाच्या तिसऱ्या. नुसती माल लावण्याची सवय. शेवटी तळाला चार उरल्या, स्वच्छ, कोरड्या. त्या त्याने अलगद एका रांगेत ठेवल्या आणि सरळ उभा राहिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब," मी म्हटलं, "मागच्या फळीवर नव्हत्या. मी खोटं बोलले. या चार माझ्या कपाटात होत्या."

"आणि बाकीच्या?"

"स्टोअरमध्ये नव्हत्या एवढं नक्की. नावं मी सांगणार नाही. मामांनी एकही मोटर हरवलेली नाही आणि चोरलेलीही नाही. चिठ्ठ्या आम्ही दिल्या नाहीत."

धाकट्या मालकांनी त्या रांगेतली एक मोटर उचलून पाहिली आणि परत ठेवली. "सर्क्युलर कुणाच्या सहीचं आहे?"

"माझ्या."

"मग मी वेगळं काय सांगू? टेबल आवरायला घ्या." त्यांनी कोरा कागद परत खणात टाकला. "मामा, माल जागेवर लावून घ्या. उद्या सकाळी वेळेवर या."

बाहेर आलो. मामा ट्रॉली ढकलत पुढे, मी मागून. दहा पावलं गेलो आणि माझा बांध फुटला. "तुला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं! सगळ्यांदेखत नको, घरी येऊन मला एकटीला तरी सांगायचंस, की बाई, तुझ्या चार आण. तीन दिवस लोक तुला काय काय बोलले, आणि तू आपला ढिम्म!"

तो थांबला. ट्रॉलीत एक मोटर कलंडली होती, ती त्याने सरळ केली.

"बाकीचे येणार नाहीत हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्यांचं काही वाटलं नाही. मी तुझीच वाट बघत होतो."