सासुरवाडीवरून गेलेलं विमान

हे कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्याची नाडी बघावी लागेल. पण एका लढाऊ विमानाने एकदा आपल्याच वैमानिकाच्या सासूबाईंचं वाळत घातलेलं धुणं पळवलं. चादरी तिसऱ्या गल्लीत सापडल्या. सासऱ्यांचा पायजमा अजून बेपत्ता आहे.

ते विमान चालवणारे जावईबापू आता विमानतळावरच्या डॉक्टरबाईंसमोर बसले होते. शेजारी तक्रार घेऊन आलेल्या सासूबाई, मांडीवर चिखलाने माखलेली चादर. 'मास्कमधली हवा बिघडली होती,' असं डॉक्टरबाईंनी म्हटलं तर सुटका. 'मस्ती केली,' म्हटलं तर उडणं बंद, आणि उरलेला जन्म खुर्ची उबवण्यात. म्हणून जावईबापूंनी येण्याआधी मास्कला आतून अर्धा कांदा चांगला चोळून ठेवला होता.

"हवेच्या टाक्या भरायचं यंत्र भटारखान्याच्या खिडकीखाली आहे, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "तिथे कांदा चिरला की थेट आमच्या छातीत. वर गेलो, पहिला श्वास घेतला, डोळ्यांना धारा. दुसऱ्याला डोकं हलकं. तिसऱ्याला एक ढग मला 'या दाजी' म्हणाला."

"मग?"

"मग काय, थांबलो थोडा. मान ठेवायला नको?"

डॉक्टरबाईंनी मास्क नाकाशी नेला. त्यांच्याच डोळ्यांतून टिपं गळायला लागली. "वास तर आहे बाई," असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

जावईबापूंच्या जिवात जीव आला. इथे गप्प बसते तर निभावलं असतं. पण सुटलेल्या जिभेला लगाम कोण घालणार?

"पुढे शुद्धच हरपली हो. घोडं जसं तबेल्याकडे वळतं, तसं विमान आपलं सासुरवाडीकडे वळलं. मास्क तर तोंडाला असा चिकटला होता, ओढून निघेना. खाली उतरेपर्यंत तीच घाण हवा. गच्चीवरून कधी गेलो, देवाशपथ आठवत नाही."

सासूबाईंनी चादरीचा चिखल खरवडायचं थांबवलं.

"जावईबापू, मी गच्चीवरच उभी होते. खिदळत गेलात माझ्या डोक्यावरून, बत्तीसच्या बत्तीस दात मोजून घ्यावेत असे. मास्क तोंडाला चिकटला होता, तर मला दिसले ते दात कुणाचे?"