नळीतली हवा

ग्यानबाले मिरगी नाही. हे मले सात महिने ठाऊक होतं, तरी थोबाड बंद ठेवलं. थू माह्या जिनगानीवर.

आमी दोघं कारंज्याच्या शाळेत एका बाकावरचे. मी जवरीलाल, माह्यं पंप अन् वेल्डिंगचं दुकान. तो बारा वर्षं नेव्हीत पानबुड्या होता, शहात्तर साली घरी आला. त्याच दिवाळीनंतर कामरगावच्या विहिरीत पंप तुटून पडला, तो काढाले आमी दोघं गेलो. विहिरीले पन्नास फूट पानी. वर माह्या दुकानातला टायरात हवा भरायचा कंप्रेसर, त्याची नळी ग्यानबाच्या मास्कले, अन् त्याच्या कमरेले दोर, दुसरं टोक माह्या हाती. उतरायच्या आधी त्यानं एकच बजावलं होतं: कंप्रेसर थांबला तर डोकं चालवू नको, दोर ओढ.

खाली पंप बांधनं होतच आलं होतं अन् वर कंप्रेसरचा पट्टा तुटला. दोर ओढावा तर गडी रिकाम्या हातानं वर येईन, सारं गाव हासन. माह्या जीपमधी वेल्डिंगच्या ऑक्सिजनचा सिलेंडर होता. दवाखान्यात मरता मानूस याच्यावर जगते, मंग ही तर टायरच्या हवेहून अव्वल, असं वाटलं मले. चटकन नळी सिलेंडरले जोडली. खाली त्याले पत्ताही लागला नाही.

दहा मिनिटांत दोर गदागदा हालला. वर काढलं तर दातखीळ बसलेली, हातपाय झटकून राह्यला, तोंडाले फेस. लोक म्हनाले, मिरगी. कोनीतरी हुंगवाले चप्पल मागितली. म्या माहीच काढून त्याच्या नाकाले लावली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानंच मले समजावलं. खोल पान्यात निव्वळ ऑक्सिजन जहर होते, असेच झटके येतात, तिथं साधी हवाच पाहिजे.

"पन नळीत तर तुह्या कंप्रेसरची हवा होती," तो म्हनाला. "म्हंजे मलेच मिरगी हाये."

उद्या सांगू म्हनलं. मंग रोजच उद्या.

परवा तो दुकानात आला. धरनावर पानबुड्याची नोकरी चालून आली होती, हो-नाही कळवायचा तो शेवटचा दिवस. त्यानं मास्क टेबलावर ठेवला. रबर कामी येत असन तर कापून घे म्हनाला, मिरगीवाल्यानं पान्यात कायले जावं.

मास्कले हात लावाची माही हिंमत होईना.

"ग्यानबा, ते हवा नोती. पट्टा तुटला होता. म्या ऑक्सिजन जोडला."

त्यानं कोपऱ्यातल्या सिलेंडरकडं पाह्यलं. मंग विचारलं, "दवाखान्यात म्या सांगितलं, तवा तुले समजलं होतं?"

"हो."

त्यानं मास्क उचलून पिशवीत घातला अन् दारात थांबला. शिवी देईन वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"नोकरी घेतो मी," तो म्हनाला. "पन माह्या दोरावर तू नको."