झऱ्यातली सरळ रांग

बाबा गेल्यापासून चाळीस दिवस मी त्यांच्या नावाने शेजाऱ्यांकडे पाणी पोचवत होते. आज 'पाणी सोडण्याचा' शेवटचा विधी होता. भोपळ्याच्या अर्ध्या कवचात पेटती मेणबत्ती ठेवून ते झऱ्यावर सोडायचं, म्हणजे गेलेल्या माणसाला पलीकडे पाणी मिळतं. फिलोफतेया आत्याने काडी हातात घेतली आणि मला पाण्यात बुडबुडे दिसले.

"थांब, आत्या."

"आता काय? मेलेल्या माणसालाही ताटकळत ठेवायचं?"

लहानपणी या झऱ्यात कधी बुडबुडे नव्हते. आताचे तर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रांगेत येत होते, सदऱ्याच्या गुंड्यांसारखे.

"तहानलाय तो," आत्या हळूच म्हणाली. "पाणी उकळतंय बघ."

मी हात घातला. पाणी गार होतं. वास कसलाच नव्हता. पण बाबा वायूच्या केंद्रावर काम करायचे. स्वयंपाकाच्या गॅसला वास मागाहून लावतात, जमिनीतून येतो तेव्हा तो मुका असतो, असं ते सांगायचे. वरच्या आलुबुखारांच्या बागेत वायूची विहीर होती. तिचा पाइप झऱ्याखालूनच केंद्राकडे गेला होता.

मी आत्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि निकोदिमकाकांना हाक मारली. ते बाबांचे केंद्रावरचे सोबती. आमच्या अंगणात चाळिसाव्याच्या जेवणाला बसले होते, ते कोबीच्या पानातली गुंडाळी चघळतच आले.

"पोरी, चिखल पादतो. त्याचं काय एवढं?"

"रांगेत पादतो का, काका?"

ते वाकले. मग एक बाटली पाण्यात उलटी धरून त्यांनी बुडबुडे जमवले आणि दूर चढावर नेऊन तिच्या तोंडाशी काडी धरली. फिकट निळी ज्योत आली.

"चिखलातलाही असाच जळतो," ते म्हणाले. पण आता चघळत नव्हते.

"मग विहिरीकडचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. चिखलाचा असेल तर थांबणार नाही."

"आणि साहेब माझ्या नावाने ओरडला तर?"

"बाबांनी काय केलं असतं?"

"तुझ्या बापाने? आधी बंद केला असता, मग जेवायला बसला असता." ते बागेकडे चालू लागले.

आम्ही दोघी लांब बसून पाहत राहिलो. कवच आत्याच्या मांडीवर होतं. बराच वेळ काहीच बदललं नाही, आणि मला वाटलं, आपण उगाच हट्ट केला. मग रांग मधेच तुटली. इकडेतिकडे एकेकच बुडबुडा येत राहिला आणि शेवटी पाणी नुसतं पाणी झालं.

निकोदिमकाकांनी परत येऊन ते पाहिलं, टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "अंगणातली चूल विझवा. सगळ्यांना वरच्या रस्त्याने न्या. पाइप खोदून काढावा लागणार." ते फोन लावत निघून गेले.

चूल विझली, पाहुणे वर गेले. आत्या मात्र हलेना. "आणि त्याचं पाणी? इथलंच प्यायचा तो. दुसरीकडे त्याला कसं सापडेल?"

"पाइप तपासून झाला की बाबा हात धुवायला नदीवरच जायचे ना?"

ती कवच घेऊन उठली.

नदीवर मी काडेपेटी काढली तर तिने माझा हात धरला. "आधी नीट बघ. इथे बुडबुडे नाहीत ना?"

मी काठावर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"नाहीत."

"मग तूच पेटव," आत्या म्हणाली.