केराबाईंच्या तोंडावरचं तेज

बजाबाईंनी काठी फेकली आणि मंगल कार्यालयातली सगळी माणसं उठून उभी राहिली. महिन्यापूर्वी सांगोल्याहून लेकाच्या मोटारसायकलवर कशीबशी आलेली ही म्हातारी आता चक्क पायऱ्या चढून स्टेजवर निघाली होती!

"बोला आज्जी, काय दिलं आमी?" राजशेखर महाराजांनी माइक पुढं केला.

"पुडी दिली की वो! म्हयन्यात गुडगं पार मोकळं झालं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मुळी हाय ही, मुळी!" महाराज गरजले. "झाडानं कुणाचं वाईट केलंय का कदी? तुमच्या बाकीच्या गोळ्या चालू ऱ्हाऊ द्या. फकस्त डॉक्टरला सांगायचं न्हाय. औषधाचं नाव घेतलं की गुण जातो!"

तिसऱ्या रांगेत जोतिराम मास्तर बसले होते. जुळे सोलापुरातले निवृत्त विज्ञान शिक्षक. लिंबातून रक्त काढणारे, जिभेवर कापूर पेटवणारे, अशा कितीतरी बाबांचं पितळ त्यांनी गावोगाव उघडं पाडलं होतं. आजही त्याच इराद्यानं आले होते बिचारे. पण इथं अंगारा नाही, मंत्र नाही, नुसती मुळी! म्हणजे हे तर वनस्पतिशास्त्र, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. धोत्र्याचं बीसुद्धा झाडालाच लागतं, हे ते दरवर्षी सातवीच्या पोरांना शिकवायचे. त्या दिवशी नेमकं तेवढंच आठवलं नाही.

घरी मास्तरांच्या बायकोनं, केराबाईंनी, गुडघ्यांसाठी आणलेली पुडी हातात घेतली. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज एक गोळी घ्यावी लागे. "अहो, माझी गोळी चालूय. डॉक्टरीणबाईंना विचारू की आधी."

"कशाला? उगीच गुण जायचा," मास्तर म्हणाले. आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून ते जरा चपापले, पण लगेच पाण्याचा पेला आणायला गेले.

गुण मात्र आला! आठवडाभरात केराबाई जिना भराभर चढू लागल्या. हळूहळू चेहरा भरला, गाल वर आले. "काय तेज आलंय!" शेजारणी म्हणाल्या. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी निम्म्या कॉलनीला महाराजांचा पत्ता वाटला.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी, शेंगांची चटणी कुटता कुटता, केराबाईंच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेचना. मास्तरांनी फोन लावला. कुणाला? महाराजांना!

"घाण रक्त बाहेर पडतंय, पडू द्या. आज दोन पुड्या द्या," महाराज म्हणाले.

आणि या विज्ञानाच्या मास्तरांनी खरंच दुसरी पुडी फाडली हो! केराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "अहो, मला लई भीती वाटतीय." त्यांचा पदर लाल झाला होता. तेव्हा कुठं मास्तरांचं डोकं ठिकाणावर आलं. पुडी तशीच खिशात कोंबून ते रिक्षा बघायला धावले.

दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनींनी नाकात बोळे भरत विचारलं, "नेहमीच्या गोळ्यांशिवाय काही चालू आहे का? काढा, चूर्ण, काहीही?"

केराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडं. बायकोचा जीव टांगणीला आणि हा गृहस्थ गुण जाईल म्हणून गप्प! मग मास्तरांना स्वतःचीच एवढी शरम वाटली, की त्यांनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही. मीच देत होतो."

त्या दिवशी केराबाई वाचल्या. पुडीत भेसळ असावी असा डॉक्टरांना संशय होता; पुडी तपासायला गेली आणि तो खरा निघाला. "मुळीच्या भुकटीत स्टेरॉइड आणि दुखणं मारणाऱ्या गोळ्या कुटून घातल्यात. म्हणून तुम्ही सांगता तशा काठ्या सुटतात. केराबाईंच्या तोंडावर आलेलं ते तेज नव्हतं सर, स्टेरॉइडची सूज होती. आणि त्यातली वेदनेची गोळी त्यांच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर घेतली की रक्तस्रावाचा धोका वाढतो."

"आणि नुसती मुळी असती तर?" मास्तरांनी आशेनं विचारलं.

"तरी विचारायलाच हवं होतं. काही झाडपाल्यानं या गोळीचा जोर वाढतो, काहींनी कमी होतो. मुळी लागू पडते म्हणजे ती शरीरात काहीतरी करतेच ना? मग ती गोळीच्या कामात लुडबुड करणार नाही कशावरून?"

पुढच्या रविवारी महाराजांच्या सभेत मास्तर स्टेजवर चढले आणि झालं ते सगळं सांगून मोकळे झाले. "श्रद्धा कमी पडली मास्तर तुमची!" महाराज ओरडले.

"कमी कसली? भरपूर होती! म्हणून तर बायको मरायला टेकली."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मास्तरांच्या कॉलनीतले कुंडलिकराव उठले. त्यांना मधुमेह होता, आणि स्टेरॉइडनं साखर चढते. "मास्तर, मी तुमच्याच भरवशावर ही पुडी खातोय की हो! आता फेकून देऊ का?"

मास्तरांनी हात जोडले. "चुकलो कुंडलिकराव. पण फेकू नका, आणि मनानं एकदम बंदही करू नका, स्टेरॉइड अचानक सोडल्यानंही अपाय होतो. पुडी घेऊन आत्ता डॉक्टरांकडं चला, मी येतो बरोबर. आणि बाकीच्यांनो, मुळी असो, काढा असो, आजीच्या हातचं चाटण असो, तोंडात घालायच्या आधी डॉक्टरांना सांगा. लाज वाटली तर माझं नाव पुढं करा. म्हणावं, बाबांचं पितळ उघडं पाडणारा एक शहाणा मास्तर होता, त्यानं न विचारता स्वतःच्या बायकोला हे खाऊ घातलं."