कोब्यावर दिलेली खोटी साक्ष

मित्रांनो, मी फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींची लाकडी पट्टी आहे. दोन मीटर लांब, चार बोटं रुंद आणि आता बरीच जुनी. तुमच्या दप्तरातल्या पट्टीसारखे माझ्यावर आकडे नाहीत, कारण मोजणं हे माझं काम नव्हतंच. जमीन सपाट आहे की नाही, एवढंच मी सांगायचे. एका घरात मी ते चुकीचं सांगितलं. तेव्हापासून मनाला टोचणी लागून राहिली आहे, म्हणून आज सगळं सांगून टाकते.

मला एका म्हाताऱ्या सुतारमामांनी घडवलं. चांगलं मुरलेलं लाकूड निवडून ते चार दिवस माझ्यावर रंधा मारत होते. एक डोळा मिटून माझ्या कडेवरून बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा रंधा उचलायचे. मला मिस्त्रींच्या हाती देताना ते म्हणाले, "हिला आडवी ठेव हं. भिंतीला टेकवून उभी करू नकोस. पाठ सरळ आहे तोवरच हिचा उपयोग."

मिस्त्रींनी घरात दोन खिळे ठोकले आणि मला त्यांवर आडवी ठेवली. अशी सुखाची कितीतरी वर्षं गेली.

नवी फरशी किंवा लाकडी फळ्या बसवण्याआधी खालची जमीन तयार करावी लागते. वरचं चकचकीत काम सगळ्यांना दिसतं, खालच्या खटपटीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. जुन्या फरश्या उखडायच्या, चिकटलेला वाळू-सिमेंटचा मसाला खरवडायचा, खालचा सिमेंटचा कोबा झाडून स्वच्छ करायचा. त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून दिवसभर ठेवायचा. त्याच्याखाली पाण्याचे थेंब जमले, तर जमिनीत ओल आहे असं समजायचं. हे झालं की माझी पाळी यायची. मिस्त्री मला कोब्यावर धरायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मिस्त्रीणबाई, जमिनीला गाल टेकून पलीकडून टॉर्च मारायच्या. माझ्याखालून उजेड आला की तिथे खळगा. मी डुगडुगले की तिथे उंचवटा. उंचवटा घासून काढायचा आणि खळगा सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरायचा.

ते मिश्रण कालवायचं काम बाईंचं. बादलीत पाणी किती, ढवळायचं किती वेळ, हे त्यांच्या हातालाच ठाऊक होतं. "कालवावं तर वहिनींनी," असं इतर मिस्त्रीही म्हणायचे.

मग एका वर्षी मिस्त्रींनी घराला रंग काढला. माझे खिळे निघाले आणि मला न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी केली. रंग वाळला, पण खिळे पुन्हा ठोकायचं राहूनच गेलं. चार महिने मी तिथे उभी होते. एका अंगाला ओल, दुसऱ्या अंगाला वारा. मी वाकले. फार नाही, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढीच. पण माझ्यासारखीला तेवढं पुरे होतं.

त्यानंतरचं पहिलं काम एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या घरचं होतं. जन्मभर पायी फिरलेला हा माणूस. अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. आता ते वॉकर धरून पुन्हा चालायला शिकत होते. त्यांची लेक म्हणाली, "बाबांना या उखडलेल्या फरशीची भीती वाटते. पायाखाली सरळ, उबदार जमीन द्या त्यांना." म्हणून लाकडी फळ्या बसवायचं ठरलं.

काका दारातल्या खुर्चीवर बसून काम बघायचे. शब्द जड यायचे, पण थट्टा सुटली नव्हती. "मिस्त्री, मी कधी पत्ता चुकलो नाही. तुम्ही जमीन चुकू नका."

मित्रांनो, त्या खोलीत काय झालं ते ऐका. जिथे कोबा सपाट होता, तिथे मी डुगडुगले. मिस्त्रींना वाटलं उंचवटा आहे, म्हणून त्यांनी चांगली जमीन घासली. आणि खिडकीजवळ जिथे खरा खळगा होता, तिथे माझं वाकलेलं पोट त्यात चपखल बसलं. टॉर्चचा कणभरही उजेड माझ्याखालून गेला नाही. खरं सांगते, तिथे मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी माझं सगळं अंग जमिनीला टेकलं होतं. त्या सुखाची मला आजही लाज वाटते.

बाई अनवाणी होत्या. त्या खिडकीजवळ थबकल्या. "अहो, इथे पायाला खोलगट लागतंय."

मिस्त्रींनी मला पुन्हा तिथे ठेवलं. "बघ, उजेड येतोय का? पट्टी काय खोटं बोलते?"

बाई बादलीकडे वळल्या. इतर छोटे खळगे भरले, सगळ्या कोब्यावर मिश्रणाचा एक पातळ हात फिरवला, ते वाळल्यावर वर फोम अंथरला आणि फळ्या बसल्या. खोली देखणी दिसू लागली.

महिनाभरात खिडकीजवळच्या फळ्या पायाखाली दबू लागल्या आणि त्यांचा सांधा उकलला. एका सकाळी काकांच्या वॉकरचा पाय त्यात अडकला. काका पडले आणि त्यांचं डावं, धडधाकट मनगट मोडलं. पुढे हाड जुळून आलं, पण काका खुर्चीतून उठेनात. लेकीने हात पुढे केला की ते मान फिरवायचे.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीने मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. "असं कसं झालं हो?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी फळी दाबून पाहिली. बायको शेजारी उभी होती. ते म्हणाले, "मिश्रण जास्त पातळ झालं असणार, खाली बसलं. ते काम हिच्याकडे असतं."

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून त्या कामावर गेल्या नाहीत. "माझा हात गेला," एवढंच नणंदेला म्हणाल्या. भाजीत मीठ घालतानाही सासूबाईंना विचारू लागल्या, "एवढं पुरेल ना?"

दोन महिन्यांनी मिस्त्री दुसऱ्या एका घरी काचेच्या मोठ्या टेबलाजवळ काम करत होते. त्यांनी सहज मला काचेवर ठेवलं आणि मी डुगडुगले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कोब्यावर माझ्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली, मला उलटवलं, पुन्हा रेघ मारली. एकच रेघ दिसायला हवी होती. दोन दिसल्या, मध्ये फाकलेल्या.

त्यांनी मला घरी आणलं आणि कपाटामागे सरकवलं. तिथून मला सगळं ऐकू यायचं.

"अगं, ऐक ना."

"काय?"

"काही नाही. चहा टाक."

हे असं अकरा दिवस चाललं.

बाराव्या दिवशी केर काढताना बाईंना मी सापडले. "ही इथे कशाला ठेवलीत?"

मिस्त्रींना कुठलीही थाप मारता आली असती. त्यांनी पेन्सिल घेतली, मला उलटसुलट ठेवून तिथेच जमिनीवर दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "बघ. तुझं मिश्रण बरोबर होतं."

बाईंनी दोन रेघांमधल्या फटीवरून बोट फिरवलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"अकरा दिवस झाले."

"माझ्या पायाला लागलं होतं हो तिथे."

"माहीत आहे."

"मग हे मला एकटीला सांगून भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "जिथे माझं नाव घेतलंत, तिथे जाऊन सांगा. मी येते बरोबर."

काकांच्या घरी मिस्त्रींनी मला पुढे धरलं आणि सगळं सांगितलं. लेकीचा राग आवरेना, ती खूप बोलली. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं. काकांनी विचारलं, "म्हणजे चूक पट्टीची?"

"नाही. पट्टी मी नीट ठेवली नाही. हिने सांगितलं तेही ऐकलं नाही."

काका बाईंकडे वळले. "जमीन पुन्हा करा. पण शेवटी तुम्ही अनवाणी चालून बघा. तुम्ही हो म्हणालात, तर मी उठेन."

फळ्या उचलल्या. मिस्त्रींनी नवी अॅल्युमिनियमची पट्टी आणली, बाईंनी मिश्रण कालवलं. ते वाळल्यावर बाई चपला काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालल्या, दोनदा. मग म्हणाल्या, "हो."

फळ्या बसल्यावर काका पहिल्या दिवशी उठले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी खिडकीपर्यंत गेले. त्यांचं मनगट मात्र थोडं वाकडंच राहिलं. बाई पुन्हा कामावर जाऊ लागल्या. पण मिस्त्रींनी काही विचारलं की त्या अजून क्षणभर थांबतात, मग उत्तर देतात.

मला त्यांनी फेकलं नाही. माळ्यावर आडवी ठेवली आहे. आता मला काम नाही आणि ते योग्यच आहे.

मित्रांनो, आपली हत्यारं जपा, त्यांची जागा त्यांना द्या आणि वापरण्याआधी एकदा पारखून घ्या. आणखी एक मागणं आहे. मी वाकले होते, पण मला ते सांगायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. तुमच्या चुकीचा बोल दुसऱ्या कुणाला लागतोय असं कळलं, तर त्याच दिवशी, ज्यांच्यासमोर तो लागला त्यांच्यासमोर, "चूक माझी होती" असं म्हणा.